भाड्याचे घर पाहताना



नांदेड, परभणी, लातूर, उदगीर या बाजूंनी नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्ताने हैदराबादेस येणाऱ्या माणसाचे पहिले आठ-पंधरा दिवस ‘टू लेट’च्या पाट्या वाचण्यात जातात. फाटकाला तारेने बांधलेली पाटी, तीवर ठळक अक्षरे आणि खाली फोनचा नंबर, ही या शहराची जुनी ओळख आहे. पूर्वी असा मनुष्य काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार, नारायणगुडा एवढ्याच टापूत घर शोधी. विवेकवर्धिनीतील एखादे गुरुजी किंवा मराठी ग्रंथ संग्रहालयात वर्तमानपत्रे चाळावयास येणारे एखादे वृद्ध गृहस्थ त्याला सांगत, ‘अमक्यांच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, माणसे चांगली आहेत, पाण्याचा मात्र त्रास आहे.’ एवढ्या एका वाक्यात घराची सारी परीक्षा होऊन जाई. आज तोच मनुष्य मियापूर, कूकटपल्ली, कोंडापूर या बाजूंस जातो. तेथे त्याला ओळखणारे कोणी नसते, आणि घराविषयी खरे सांगणारेही कोणी नसते. घर दाखवितो तो दलाल किंवा खुद्द मालक. दाखविण्याची वेळ बहुधा रविवारची संध्याकाळ. भिंतींना रंग नुकताच दिलेला. आणि टाकी मुद्दाम भरून ठेवलेली. अशा वेळी कोणतेही घर चांगलेच दिसते.

म्हणून आज मला मुख्यतः एकच गोष्ट सुचवावयाची आहे. भाड्याचे घर त्याच्या चांगल्या वेळी पाहू नये, वाईट वेळी पाहावे. आणि ते शक्य नसेल तर ती वाईट वेळ तेथे कशी जाते, हे ज्यांनी ती काढली आहे त्यांना विचारावे. यात मालकाविषयी संशय घेण्याचा हेतू नाही. कायद्याचीच भाडेकरूकडून ही अपेक्षा आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम असे सांगते की, घरात काही मोठा दोष मालकास ठाऊक असेल तर तो त्याने भाडेकरूस सांगितला पाहिजे; परंतु कोणता दोष? जो भाडेकरूस ठाऊक नव्हता आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला दिसला नसता, तो. म्हणजे जे डोळे उघडे ठेवून दिसले असते, त्याची तक्रार पुढे कोणी ऐकून घेणार नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. येथील लोक नळाच्या पाण्यास ‘मंजिरा’ म्हणतात, ती आपलीच मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून, लातूर आणि बीदर जिल्ह्यांना वळसे घालीत ती तेलंगणात शिरते, आणि सिंगूर व मंजिरा येथील जलाशयांतून तिचे पाणी हैदराबादेस येते. पुढे तेही पुरेना, तेव्हा नागार्जुनसागराकडून कृष्णेचे आणि येल्लमपल्लीहून गोदावरीचे पाणी आणावे लागले. एवढ्या नद्या दारापर्यंत आल्या, तरी अनेक वस्त्यांत नळास पाणी दिवसाआड येते, आणि तेही थोड्या ठरलेल्या वेळापुरते. ते जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे येथील बोलीत ‘संप’मध्ये साठवायचे, आणि मोटारीने गच्चीवर चढवायचे. या साऱ्या साखळीत घर पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त शेवटचा नळ. तो सोडून पाहिला, धार चांगली लागली, की तो समाधान पावतो.

वास्तविक विचारावयाचे ते निराळेच आहे. पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येते? संप केवढा आहे आणि त्यावर किती बिऱ्हाडे आहेत? मोटार कोण सुरू करतो, आणि तो गावाला गेला तर कोण करतो? स्वयंपाकघरातला नळ नगराच्या पाण्याचा आहे की बोअरचा? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने मिळाले नाही तरी तोटी देते. तोटीच्या तोंडाशी आणि न्हाणीघरातील बादलीच्या तळाशी पांढरा कठीण थर बसला असेल, तर पाणी जड आहे, बोअरचे आहे, असे समजावे; त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि गीझरचे आयुष्यही कमी होते. हैदराबादची भूमी ग्रॅनाइटच्या खडकाची. तिच्या भेगांत जेवढे पाणी मुरले असेल तेवढेच बोअरला मिळते, आणि एप्रिल-मे उजाडला की अनेक बोअर कोरडे पडतात. मग टँकर मागवावा लागतो. त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की बिऱ्हाडागणिक वाटून घ्यावयाचे, हे आधी ठरले नाही तर उन्हाळ्यात जिन्यावर रोज नवा वाद होतो.

‘पानी की कुच फिकर नक्को’ असे मालक हसत सांगेल. हा ‘नक्को’ आपल्याच मराठीतून दखनीत गेलेला असल्यामुळे कानाला फार गोड लागतो. पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. वरच्या मजल्यावर जे कुटुंब आधीपासून राहते आहे, तेथील गृहिणीस विचारावे. त्या घराचे पाणी रोज तिच्या हातून भरले जाते, आणि सांगण्यात तिचा काही तोटा नसतो. घरातील स्त्रीने विचारले तर ती दोन मिनिटांत सगळे सांगून टाकते. पुरुषाने विचारले तर उत्तर बहुधा ‘ठीक है’ एवढेच येते. म्हणून घर पाहावयास एकट्या पुरुषाने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथेच आणखी एक लहानशी गोष्ट. जानेवारी २०२१ पासून शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने घरगुती जोडणीस दरमहा २०,००० लिटरपर्यंत पाणी विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. जोडणीला चालू मीटर असावे आणि ती आधार क्रमांकाशी जोडलेली असावी, अशी तिची अट आहे. तेव्हा भाड्याखेरीज ‘वॉटर चार्जेस’ म्हणून निराळी रक्कम सांगितली गेली, तर ती नळाच्या बिलाची आहे, टँकरची आहे की मोटारीच्या विजेची, हे शांतपणे विचारावे. विचारण्यात काही गैर नाही. मालक आपल्याला नोकरी, पगार, लग्न झाले की नाही, मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, हे सारे विचारतोच. तो विचारतो तेवढे तरी आपण विचारावे.

जे पाणी नळाला येत नाही तेच कधी दारातून आत येते, आणि हैदराबादच्या बाबतीत हा विचार अधिक गंभीर आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराची कथा जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले, आणि नदीच्या वरच्या अंगाला पूर अडविणारे जलाशय बांधावेत असा त्यांनी सल्ला दिला. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. त्यामुळे नदीचा धोका पुष्कळ कमी झाला हे खरे. परंतु या पठारावर शेकडो तळी होती, त्यांचे एकातून दुसऱ्यात जाणारे ओढे होते, आणि वाढत्या शहराने ते बुजवीत नेले, त्याला हे जलाशय काय करणार? १३ ऑक्टोबर २०२० रोजी काही भागांत एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्या दिवसांत पल्ले चेरुवु आणि गुर्रम चेरुवु या तलावांचे बांध फुटले आणि खालच्या वस्त्यांतील घरांत पाणी छातीपर्यंत चढले. त्या घरांपैकी कितीतरी भाड्याची होती. मालकाच्या भिंती राहिल्या. भाडेकरूचे मात्र धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके आणि दाखले, सारेच वाहून गेले.

अशा जागा ओळखावयाच्या कशा? नावे पुष्कळ सांगून जातात. तेलुगूत ‘चेरुवु’ म्हणजे तलाव, ‘कुंटा’ म्हणजे तळे. मराठी बिऱ्हाडांच्या जुन्या टापूला लागूनच असलेले नल्लाकुंटा म्हणजे काळे तळे. तलाबकट्ट्याच्या नावातही तलाव आहे, आणि मासाब टँक हे नावही ‘माँसाहेबा’च्या तलावावरून पडलेले. आता अशा नावाच्या प्रत्येक वस्तीत पाणी शिरतेच असे मुळीच नाही. जुन्या वस्त्या पुष्कळदा नीट उंचावर आहेत, आणि धोका असतो तो नवीन, सुंदर इंग्रजी नावाच्या कॉलनीत, जिचे जुने नाव कोणी सांगत नाही. म्हणून नावाहून गल्लीच अधिक काळजीने वाचावी. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची एक सरळ रेघ आहे काय? शेजाऱ्यांनी उंबऱ्यापुढे विटांचा बांध घातला आहे काय? तळमजल्यावरील बिऱ्हाडांचे फ्रिज आणि कपाटे विटांवर चढविली आहेत काय? हे सारे विनाकारण कोणी करीत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला २०२० साली दुकानात पाणी किती चढले होते असे विचारले, तर तो हात लावून दाखवील.

याला अलीकडे आणखी एक बाजू आली आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा उभी केली, आणि तलावांच्या पूर्ण जलपातळीच्या आत वा लगतच्या राखीव पट्ट्यात झालेली बांधकामे पाडण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसीच्या पात्रातील घरांवर अधिकाऱ्यांनी तांबड्या खुणा केल्या. हे योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नव्हे. भाडेकरूपुरता प्रश्न एवढाच आहे की, नोटीस येते ती मालकाला, आणि सामान रस्त्यावर येते ते भाडेकरूचे. तेव्हा घर तलावाच्या काठी असेल, तर खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचे कौतुक करण्यापूर्वी महानगर विकास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या तलावाचा नकाशा पाहून घ्यावा.

आता अग्नीविषयी. हे सांगणे जिवावर येते, पण सांगितले पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी नामपल्लीच्या बाजारघाट भागात एका राहत्या इमारतीस आग लागली आणि नऊ माणसे गेली. इमारतीच्या तळाशी, मोटारगाड्या ठेवण्याच्या जागेत, रसायनांची पिंपे साठविलेली होती. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळ गुलजार हौज येथे पहाटेनंतर लागलेल्या आगीत एकाच कुटुंबातील सतरा जण गेले. त्यांत आठ मुले होती. तेथे वर जाण्या-येण्यास एकच अरुंद वाट होती. या दोन्ही ठिकाणी घराच्या खोल्या कशा होत्या, फरशी कोणती होती, याला काही अर्थ उरला नाही. अर्थ होता तो जिन्याला, आणि खाली काय ठेवले आहे याला. घर पाहून झाल्यावर आपण लिफ्टने उतरतो. त्याऐवजी जिन्याने उतरावे. तो किती रुंद आहे, त्यावर कोणी सायकली, जुनी कपाटे, गॅसच्या टाक्या ठेवल्या आहेत काय, गच्चीचे दार कुलूपबंद असते काय, किल्ली कोणाकडे असते, हे उतरता उतरता दिसते. खालच्या बंद खोलीत काय आहे, हे अवश्य विचारावे. ‘स्टोअर रूम आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

विजेविषयी थोडक्यात. आपल्या बिऱ्हाडाला वीज कंपनीचे स्वतंत्र मीटर आहे, की मालकाच्या मीटरवर एक उपमीटर बसविले आहे, हे पाहावे. दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतात. म्हणून दोन बिऱ्हाडांचे युनिट एका मीटरवर मिळाले की दोघेही वरच्या दराच्या टप्प्यात जातात, आणि मालक ठरवील त्या दराने आपल्याला पैसे मोजावे लागतात. आणखी एक इशारा तरुण मंडळींसाठी. या शहरात गच्चीवर बांधलेल्या एका खोलीस जाहिरातीत ‘पेंटहाउस’ म्हणतात. नाव ऐकून कोणी भुलू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या खोलीत दहा मिनिटे बसून पाहावे, मग भाडे बोलावे.

राहिला कागदांचा विषय. तो रुक्ष आहे, तरी टाळता येण्यासारखा नाही. प्रथम घर दाखविणारा मनुष्य मालकच आहे काय, हे निश्चित करावे. मालमत्ताकराची पावती आणि विजेचे बिल पाहावयास मागितले तर भला मालक रागावत नाही. हैदराबादेतील अनेक फ्लॅटांचे मालक अमेरिकेत वा अन्यत्र असतात, आणि भाऊ, मेव्हणा किंवा शेजारी कारभार पाहतो. त्यात काही वावगे नाही. मात्र त्या कारभाऱ्याजवळ मालकाचे अधिकारपत्र असावे आणि भाडे मालकाच्याच खात्यात जावे. मालक अनिवासी असेल, तर भाड्यातून प्राप्तिकर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तसेच, घरावर बँकेचे कर्ज थकले असेल तर २००२ च्या कायद्याखाली बँक घराचा ताबा घेऊ शकते, आणि नोंदणी नसलेल्या भाडेकराराचा त्या वेळी फारसा उपयोग होत नाही. घर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कोणालाही एक रुपया पाठवू नये. इंटरनेटवर सुंदर छायाचित्रे टाकून, आपण लष्करी अधिकारी आहोत, बदली झाली आहे, अशी बतावणी करून ‘टोकन’ उकळणाऱ्यांना अनेक सुशिक्षित माणसे बळी पडली आहेत.

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, हे आपणांपैकी अनेकांस माहीत असेल. येथील १९६० चा भाडेनियंत्रण कायदा भाडेकरूस पुष्कळ संरक्षण देतो. भाड्याच्या पावतीचा हक्क त्यात आहे. पण महानगरपालिकेच्या हद्दीत दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्यातून वगळलेली आहेत, आणि एवढ्या भाड्यात आज घर कुठे मिळणार? केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या आदर्श भाडेकायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच घ्यावी असे म्हटले आहे; परंतु राज्याने स्वतः तसा कायदा केल्यावाचून ते लागू होत नाही. तेव्हा आपला खरा आधार म्हणजे आपण सही करतो तो कागद. येथे अनामतीस ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. ती दोन किंवा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. घर सोडताना ‘पेंटिंग’ म्हणून एक महिन्याचे भाडे त्यातून कापण्याची प्रथा आहे. ती मान्य असेल तर असो. पण ती रक्कम, सोडण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची, दरसाल वाढ किती, मेंटेनन्स कोण भरणार आणि ॲडव्हान्स किती दिवसांत परत मिळणार, हे पाच मुद्दे कागदावर अक्षरी लिहिलेले असावेत. कायद्याप्रमाणे नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मात्र आधीच फुटलेली काच आपण फोडली नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी सामान आणण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे घेऊन ती मालकाला त्याच दिवशी पाठवावीत.

घर केव्हा पाहावे, याविषयी एक शेवटची सूचना. तेलुगू लोक आषाढात सहसा घर बदलत नाहीत. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच अमान्त असल्याने त्यांचा आषाढ आणि आपला आषाढ एकच. त्या महिन्यात पाट्या लटकलेल्या असतात, गर्दी नसते, मालक भाड्याची बोलणी ऐकून घेतो. आणि मुख्य म्हणजे पाऊस चालू असतो. छत कुठे गळते, गल्लीत पाणी किती तुंबते, हे तेव्हा फुकट दिसते. घर आषाढात पाहून ठरवावे, आणि मन मानत नसेल तर राहावयास श्रावणात जावे. नवीन घरात पाऊल टाकल्यावर प्रथम दूध तापवून उतू जाऊ देण्याची येथील चाल आता आपल्या घरांतूनही रुळली आहे. ते दूध सगळ्यांना देऊन झाले, की विजेच्या आणि पाण्याच्या मीटरवरील आकडे तारखेसह वहीत उतरवावेत, आणि त्याखाली मालकाची सही घ्यावी.